मुंबई ते दुबई : अंतर किती, वेळ किती?

विठ्ठलवाडी स्टेशनात लोकल पकडली की पुढचे स्टेशन कल्याण. कल्याणहून मुंबई सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडीला तास-सव्वा तास लागतो. हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. रोजची वाट पायांना ठाऊक असते.

पण हल्ली आपल्याकडची माणसे फार लांब जातात. कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, मुरबाड या भागांतली कितीतरी मुले कामासाठी अरबी मुलखात गेली आहेत. कुणी सुतारकाम करतो. कुणी विजेचे काम करतो. कुणी गाडी चालवतो, तर कुणी हॉटेलात राबतो. त्यांतले बरेच जण दुबईला आहेत.

घरचे लोक विचारतात, "दुबई किती लांब आहे हो?" कुणी सांगतो, "दोन हजार किलोमीटर." कुणी सांगतो, "तीन तास." कुणी म्हणतो, "तिकिटावर तर पावणेदोन तासच लिहिलेत!"

यांतले खरे कोणते? तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती कशी, ते या धड्यात पाहू. यात अवघड असे काही नाही. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

१. अंतर आणि वेळ

अंतर किलोमीटरने मोजतात. वेळ तासांनी मोजतात. ही दोन मापे वेगळी आहेत. तरी बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. "माझे गाव इथून चार तासांवर आहे," असे म्हणतो.

सपाटीवर दहा किलोमीटर जायला एस.टी.ला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेच दहा किलोमीटर माळशेज घाटात असले तर जास्त वेळ लागतो. अंतर तेवढेच, वेळ मात्र निराळा. म्हणून नुसते अंतर कळून भागत नाही. वाहन कोणते, वाट कशी, थांबे किती, हेही पाहावे लागते.

२. हवाई अंतर म्हणजे काय?

रस्ता वळणे घेत जातो. डोंगर आला की वळसा घालतो. नदी आली की पूल शोधतो. पाखरू तसे करत नाही. ते एका झाडावरून उडते आणि नीट दुसऱ्या झाडावर जाऊन बसते. पाखराच्या वाटेने मोजलेले अंतर म्हणजे हवाई अंतर.

पृथ्वी गोल आहे. शाळेत पृथ्वीचा गोल असतो, तो पुढ्यात घ्या. एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे दुबईवर धरा, आणि दोरा ताणा. दोरा जिथून गेला ती सर्वांत जवळची वाट. ती अरबी समुद्रावरून जाते, ओमान देशावरून जाते आणि दुबईला पोचते.

या वाटेने मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर भरते.

हे अंतर किती मोठे आहे? आपल्या ओळखीच्या गावांशी ताडून पाहा.

मुंबई ते कराची : सुमारे ८७५ किलोमीटर
मुंबई ते दिल्ली : सुमारे १,१५० किलोमीटर
मुंबई ते मस्कत : सुमारे १,५९० किलोमीटर
मुंबई ते कोलकाता : सुमारे १,६६० किलोमीटर
मुंबई ते दुबई : सुमारे १,९३० किलोमीटर
मुंबई ते कुवेत : सुमारे २,७५० किलोमीटर

ही सगळी हवाई अंतरे आहेत. बघा, दुबई परदेशात आहे. पण कोलकात्याच्या मानाने ती पावणेतीनशे किलोमीटरच जास्त लांब आहे. आणि कराची तर दिल्लीपेक्षा जवळ आहे. देश वेगळा म्हणून अंतर मोठे, असे नसते.

३. विमानाला किती वेळ लागावा?

प्रवासी विमान वर गेले की तासाला साधारण ८५० किलोमीटर जाते. ते जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,६४६ मीटर. एकावर एक अशी सहा कळसूबाई शिखरे रचली तर विमानाच्या वाटेजवळ पोचू.

आता हिशेब करू.

एका तासात ८५० किलोमीटर.
दोन तासांत १,७०० किलोमीटर.
उरले २३० किलोमीटर. त्याला सुमारे १६ मिनिटे.

म्हणजे २ तास १६ मिनिटे झाली. पण विमान कंपनी तर सव्वातीन तास सांगते. वरचा एक तास गेला कुठे?

तो असा जातो. विमान फाटकापासून हलले म्हणजे लगेच उडत नाही. ते जमिनीवर चालत धावपट्टीकडे जाते. पुढे दुसरी विमाने असली तर रांगेत थांबते. मग उडते. वर चढताना त्याचा वेग कमी असतो. उतरतानाही वेग कमी करावा लागतो. आभाळातही विमानांच्या वाटा आखलेल्या असतात. त्या अगदी दोऱ्यासारख्या सरळ नसतात. उतरल्यावर पुन्हा जमिनीवर चालत फाटकाशी यायचे. या सगळ्याला मिळून तासभर जातो.

बैलगाडी जुंपण्यात आणि सोडण्यात वेळ जातो ना? तसेच हे.

वाऱ्याचाही हात असतो. उल्हास नदीत होडी घातली आणि पाण्याच्या ओढीबरोबर वल्हवली तर ती झटकन जाते. ओढीच्या उलट नेली तर दम लागतो. आभाळात उंचावर वाऱ्याची तशीच ओढ असते. हिवाळ्यात आपल्या भागावर उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. दुबई आपल्या पश्चिमेला आहे. म्हणून जाताना वारा तोंडावर येतो, येताना पाठीवर येतो. त्यामुळे जायला साधारण सव्वातीन तास आणि यायला साधारण तीन तास लागतात.

४. तिकिटातले कोडे

विठ्ठलवाडीच्या प्रौढ वर्गात एका मावशींनी तिकीट आणले. त्यांचा थोरला मुलगा दुबईला निघाला होता. तेव्हा झालेले बोलणे असे :

मावशी : गुरुजी, हे तिकीट जरा बघता का? मी काल रात्री अक्षर अक्षर लावून वाचलं. मला काही धड वाटत नाही.

गुरुजी : काय वाचलंत, सांगा बरं.

मावशी : जायचं विमान सकाळी १०:०० ला सुटतं. दुबईला ११:४५ ला पोचतं. म्हणजे पावणेदोन तास. येतानाचं विमान २२:०० ला सुटतं आणि इथं ०२:३० ला पोचतं. बावीस म्हणजे रात्रीचे दहा, हे मला शेजारच्या पोरीनं सांगितलं. दहा ते अडीच म्हणजे साडेचार तास झाले. वाट एकच ना? मग जाताना पावणेदोन आणि येताना साडेचार? एजंटानं खोटं तिकीट तर नाही ना दिलं?

गुरुजी : तिकीट खोटं नाही, मावशी. तुमची वजाबाकीही चुकली नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची आहे. पोचायची वेळ दुबईच्या घड्याळाची आहे. ही दोन घड्याळं सारखी चालत नाहीत.

मावशी : म्हणजे तिथलं घड्याळ मागं पडतं?

गुरुजी : मागं पडत नाही. ते मागंच लावलेलं असतं. आपल्याकडे दहा वाजले की दुबईत साडेआठ वाजलेले असतात. दीड तासाचा फरक.

मावशी : थांबा, मीच मांडते. विमान दहाला सुटलं. सव्वातीन तास लागले. आपल्या घड्याळात सव्वा वाजला. त्यातून दीड तास काढला की पावणेबारा. आलं की हो बरोबर!

गुरुजी : आता परतीचं मांडा.

मावशी : दुबईत रात्री दहा. तीन तासांनी तिथं एक वाजला. आपलं घड्याळ दीड तास पुढं. म्हणजे अडीच. हेही बरोबर!

गुरुजी : आता आणखी एक गंमत बघा. पावणेदोन आणि साडेचार यांची बेरीज करा.

मावशी : सवासहा तास.

गुरुजी : आणि खरे तास? सव्वातीन आणि तीन?

मावशी : सवासहाच! म्हणजे जाताना दीड तास जास्तीचा मिळाला आणि येताना तोच परत गेला.

मावशींनी सांगितले तेच या धड्याचे सार आहे. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नये. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात. मग वजाबाकी करावी.

५. दोन गावांची घड्याळे वेगळी का?

सूर्य पूर्वेला उगवतो. खरे तर सूर्य जागेवरच असतो, पृथ्वी फिरते. ती चोवीस तासांत एक फेरा पुरा करते. जी गावे पूर्वेला आहेत त्यांना सूर्य आधी दिसतो. पश्चिमेकडच्या गावांना तो उशिरा दिसतो. दुबई आपल्या पश्चिमेला आहे. आपल्याकडे ऊन अंगणात आले तरी तिथे अजून झुंजूमुंजू असते.

पूर्ण फेऱ्याचे ३६० भाग कल्पिले आहेत. एका भागाला अंश म्हणतात. चोवीस तासांत ३६० अंश. म्हणजे एका तासात १५ अंश. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे.

आपल्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. दुबईचे घड्याळ साठ अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. साडेब्याऐंशीतून साठ गेले, उरले साडेबावीस अंश. साडेबावीस गुणिले चार म्हणजे नव्वद मिनिटे. नव्वद मिनिटे म्हणजे दीड तास. कुणीतरी मनाला येईल तसा काढलेला हा आकडा नव्हे. त्यामागे सूर्याचा हिशेब आहे.

मुंबईचे घड्याळसुद्धा एके काळी वेगळे होते, हे आज कुणाला सांगून खरे वाटणार नाही. सगळ्या देशाची एकच वेळ १९०६ साली ठरली. पण मुंबई शहराने आपली जुनी 'मुंबई वेळ' पुष्कळ वर्षे सोडली नाही. ती देशाच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. १९५५ साली ती बंद झाली. एकाच देशात अशी दोन घड्याळे असली की लोकांची किती तारांबळ होत असेल!

आखातातल्या इतर गावांची घड्याळेही माहीत असू द्यावीत. आखात म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्र. इराणच्या आखाताकाठी आणि त्याच्या आसपास हे देश आहेत. दुबई, शारजा, अबुधाबी आणि मस्कत यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. कुवेत, दोहा आणि रियाध यांचे घड्याळ अडीच तास मागे असते.

६. घरून फोन केव्हा करावा?

हा दीड तासाचा हिशेब विमानात बसणाऱ्यालाच हवा असे नाही. घरी राहणाऱ्यालाही तो हवा.

आपण पहाटे पाचला उठतो. म्हणतो, लेकाला फोन करू. तेव्हा दुबईत साडेतीन वाजलेले असतात. दिवसभर राबलेला मुलगा गाढ झोपेत असतो. फोन वाजला की तो दचकून उठतो. गावाकडे काही बरेवाईट तर घडले नाही ना, असे त्याच्या मनात येते.

आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले साडेसात. कामावरून परतून, हातपाय धुऊन मुलगा जेवायच्या तयारीत असतो. अशा वेळी बोलावे.

उन्हाळ्यात तिथे फार कडक ऊन असते. म्हणून १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी द्यावी, असा त्या देशाचा नियम आहे. ती वेळ आपल्या घड्याळात दुपारी दोन ते साडेचार अशी येते. त्या वेळी दोन शब्द बोलता येतात. तरी विश्रांतीची वेळ आहे, हे ध्यानात ठेवावे.

७. मध्यरात्रीची तारीख

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इथे गफलत झाली तर विमान चुकते. तिकिटाचे पैसे बुडतात. कधी कधी हातची नोकरीही जाते.

आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्री सुटतात. तिकिटावर लिहिलेले असते : तारीख १५, वेळ ००:४०. वाचणारा म्हणतो, "पंधरा तारखेच्या रात्री जायचे." तो पंधरा तारखेला दिवसभर सामान बांधतो. संध्याकाळी पाहुण्यांना जेवू घालतो. रात्री विमानतळावर जातो. तिथला शिपाई तिकीट पाहून सांगतो, "बाबा, तुझे विमान काल रात्रीच गेले."

असे का व्हावे? आपल्या बोलण्यात दिवस सकाळी सुरू होतो. रात्री एक वाजला तरी आपण म्हणतो, "आजची रात्र." पण तिकिटाचा दिवस रात्री बारालाच बदलतो. चौदा तारखेचे रात्रीचे बारा वाजले की पंधरा तारीख लागली. ००:४० म्हणजे रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटे. म्हणजे चौदा तारखेच्या संध्याकाळीच घर सोडायला हवे.

तिकिटावरचे घड्याळ चोवीस तासांचे असते. ते वाचायची रीत सोपी आहे. दुपारी एकला १३, दोनला १४, असे ते पुढे मोजते. बारापेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करा. १६ म्हणजे दुपारचे चार. २२ म्हणजे रात्रीचे दहा. आणि ००, ०१, ०२ असे आकडे दिसले की सावध व्हा. ती मध्यरात्र आहे. तारीख पुन्हा एकदा वाचा.

८. विठ्ठलवाडी ते विमानतळ

दुबईला पोचायला सव्वातीन तास. पण विठ्ठलवाडीच्या घरातून विमानात बसेपर्यंत त्याहून जास्त वेळ लागतो. दोन हजार किलोमीटरपेक्षा पहिले चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच जास्त वेळ खातात!

परदेशी जाताना विमान सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर असावे. तिथे सामान वजन करून द्यायचे असते. पासपोर्टवर शिक्का घ्यायचा असतो. अंगाची आणि पिशवीची तपासणी होते. प्रत्येक ठिकाणी रांग असते. बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या तासभर आधी सामान घेणे बंद करतात. मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो.

मुंबईचा विमानतळ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. त्याला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव आहे. लोकलने घाटकोपरला उतरावे. तिथून मेट्रोने मरोळ नाक्याला जावे. मरोळ नाक्याला दुसरी, भुयारातून जाणारी मेट्रो आहे. ती थेट विमानतळाच्या स्टेशनावर जाते. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. सामान थोडे असेल आणि दिवसाची वेळ असेल तर ही वाट चांगली. पण मेट्रो रात्रभर चालत नाही. अपरात्रीचे विमान असेल तर मोटार ठरवावी, किंवा संध्याकाळीच निघून तिथे जाऊन बसावे.

रस्त्याने जायचे तर गाड्यांची कोंडी धरून अडीच तास हाताशी ठेवावेत. पावसाळ्यात त्याहून जास्त ठेवावेत.

आणखी एक. नवी मुंबईत दुसरा विमानतळ झाला आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. म्हणून आपल्याला कोणत्या विमानतळावर जायचे आहे, ते तिकिटावर नीट वाचावे. तिकिटावर विमानतळाची खूण इंग्रजी तीन अक्षरांत असते. सहारच्या विमानतळाची खूण बी-ओ-एम. नवी मुंबईची खूण एन-एम-आय. दुबईच्या मुख्य विमानतळाची खूण डी-एक्स-बी. ही तीन-तीन अक्षरे कुणाकडून तरी कागदावर लिहून घ्यावीत आणि तिकिटाशी जुळवून पाहावीत.

ती जुळवून पाहतानाच मुलाचे नावही पाहावे. पासपोर्टवर जसे आहे तसेच तिकिटावर हवे. एक अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तर आधीच दुरुस्त करून घ्यावे.

आता मध्यरात्रीच्या त्या विमानाचा उलटा हिशेब करू.

विमान : १५ तारीख, ००:४०.
तीन तास आधी विमानतळावर : १४ तारीख, रात्री ९ वाजून ४० मिनिटे.
त्याच्या अडीच तास आधी घर सोडायचे : १४ तारीख, संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटे.

असा हिशेब कागदावर लिहावा आणि भिंतीला लावून ठेवावा. घरात सगळ्यांना दिसतो.

९. पूर्वी किती वेळ लागे?

आपला आणि अरबस्तानचा संबंध नवा नाही. फार जुन्या काळापासून शिडाची गलबते या समुद्रातून ये-जा करत. त्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागे. पावसाळ्याच्या तुफानात ती बंदरातच राहत. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून आखातातल्या बंदरांना आगबोट जाई. वाटेत बंदरे घेत घेत पोचायला तिला कित्येक दिवस लागत. 'द्वारका' नावाची आगबोट या वाटेवर १९८२ सालापर्यंत चालत होती.

आपल्या देशातल्या विमानांच्या जुन्या काळातली एक गोष्टही ऐका. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. तेव्हा कराची आणि मुंबई एकाच देशात होत्या. विमान अगदी लहान होते. त्याला एकच इंजिन होते. ते तासाला सुमारे १६० किलोमीटर जाई. आत प्रवासी नव्हते, पत्रांची पोती होती. टाटा स्वतः विमान चालवत होते. त्यांचे वय होते २८. सकाळी ते कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला थांबले. दुपारी मुंबईत जुहूला उतरले. पुढे १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी हाच प्रवास पुन्हा करून दाखवला.

आजचे विमान हे अंतर दीड तासात सहज कापील. पण आज मुंबई आणि कराची यांच्यामध्ये थेट विमान जात नाही.

कराचीचे नाव आपल्या विठ्ठलवाडीला परके नाही. आपल्या शेजारी उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांतातली हजारो कुटुंबे घरदार सोडून आली. पुष्कळ जण कराचीहून बोटीने मुंबईला उतरले. त्यांना या छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या जन्मगावाची वाट दुबईच्या निम्म्याहून कमी आहे. तरी ती पुष्कळांना पुन्हा दिसली नाहीत. आणि दुप्पट लांबच्या दुबईला मात्र आपला मुलगा सकाळी निघून दुपारी पोचतो.

यावरून काय समजावे? गाव जवळ की लांब, हे नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. वाट उघडी असावी लागते. आणि त्या वाटेचे तिकीट वाचता यावे लागते. वाट उघडी ठेवणे हे राज्यकर्त्यांचे काम. तिकीट वाचणे हे आपले काम. ते आता आपल्याला येऊ लागले आहे.

लक्षात ठेवा

१. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर.
२. जायला सुमारे सव्वातीन तास, यायला सुमारे तीन तास.
३. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.
४. सुटायची वेळ सुटायच्या गावाची. पोचायची वेळ पोचायच्या गावाची.
५. रात्री बारानंतर तारीख बदलते.
६. विमानतळावर तीन तास आधी पोचावे.

शब्दांचे अर्थ

अंश : पूर्ण फेऱ्याच्या ३६० भागांपैकी एक भाग
आखात : जमिनीत शिरलेला समुद्र
गफलत : चूक, घोटाळा
झुंजूमुंजू : पहाटेचा अंधूक उजेड
धावपट्टी : विमान धावत जाऊन उडते ती लांब फरसबंद वाट

हिशेब करा

१. मुंबईहून विमान १६:३० ला सुटले. दुबईला पोचायला सव्वातीन तास लागले. दुबईच्या घड्याळात किती वाजले असतील?

२. दुबईहून विमान ९ तारखेला २१:३० ला सुटले. तीन तास लागले. मुंबईत ते कोणत्या तारखेला, किती वाजता उतरेल?

३. तिकिटावर तारीख ३ आणि वेळ ०१:२० आहे. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे आहे. घरापासून विमानतळ अडीच तासांवर आहे. घरातून कोणत्या तारखेला, किती वाजता निघावे?

४. मुलगी कुवेतला आहे. आपण रात्री नऊला फोन केला. तिच्या घड्याळात किती वाजले असतील?

५. आपल्या वस्तीतले कोण कोण परदेशी आहे? त्या गावाचे घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे किंवा पुढे आहे? त्यांच्या घरी विचारा आणि वहीत लिहा.

उत्तरे : (१) संध्याकाळचे सवासहा. (२) १० तारखेला, रात्री दोन वाजता. (३) २ तारखेला, संध्याकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी. (४) संध्याकाळचे साडेसहा. (५) याचे उत्तर तुमच्या वहीत.